दामोदरचा उपास

कीर्तनात बुवा पुढे उभे असले, तरी कीर्तन उभं राहतं ते मागच्यांच्या जिवावर. बुवांनी पद अर्ध्यात सोडायचं आणि मागच्यांनी ते खाली पडू न देता झेलायचं. कानडी मुलखात, बसवनगुडीतल्या त्या लहानशा रामाच्या देवळात रविवारी दुपारी रघुपतीबुवा उभे राहिले की त्यांच्या एका हाताला गुंडूराव पेटी घेऊन बसत आणि मागे दामोदर झांज घेऊन उभा राही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. बुवांचा आवाज आता वयानं थकला होता. वरच्या पट्टीत तो कापायला लागला की गुंडूराव पेटीचा भाता जरा जोरात ओढत आणि दामोदर ध्रुवपद उचलून धरी. समोरच्या मंडळींना बुवा थकलेत हे कळूसुद्धा द्यायचे नाहीत, इतकी दोघांची जोडी जमली होती.

समोरच्या मंडळींत, दगडी खांबाला पाठ लावून, तुंगाबाई बसलेल्या असत. गुंडूरावांच्या पत्नी. काचबिंदूनं त्यांची दृष्टी हळूहळू गेली आणि शेवटी पार मालवली. पण घर ते देऊळ ही वाट त्या एकट्या चालत. शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर हात ठेवत जायचं, कॉफी दळायच्या दुकानाचा वास आला की वळायचं, मग फुलवालीची हाक येते, "बन्नी अक्का, या," आणि पुढे पायाला देवळाची थंड पायरी लागते. जगातली एवढीच वाट त्यांची स्वतःची उरली होती. "डोळे गेले ते बरंच झालं म्हणते मी," त्या हसून म्हणत, "राम कानांनी जास्त चांगला दिसतो."

म्हणून घर विकायचं ठरलं तेव्हा गुंडूरावांच्या मनात दुसरं काही नव्हतं. घर वडिलांच्या हातचं, त्यात थोरल्या भावाचा निम्मा वाटा. भाऊ वारला, आणि त्याचा मुलगा वेणुगोपाल तिकडे हैदराबादेत बसून फोन करू लागला. पोरगा वाईट नव्हता, पण अडचणीत होता आणि वाटा मागत होता. तो त्याचा हक्कच. गुंडूरावांनी कुरकुर केली नाही. देवळासमोरच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांचं एक घर विकाऊ होतं. मालक ओळखीतला, दसऱ्यापर्यंत थांबायला तयार. आपल्या वाट्यात तेवढं घर आलं म्हणजे झालं. तुंगाबाईंची वाट तुटणार नव्हती, उलट जवळच होणार होती.

"खिडकीत बसलं तरी आरती ऐकू येईल बघ," गुंडूराव म्हणाले होते.

"खिडकीत कशाला बसू? पाय आहेत की मला," तुंगाबाई म्हणाल्या.

आणि घर विकून देणारा माणूस शोधायला जायची गरजच नव्हती. दामोदरचा धंदाच तो. गांधीबाजाराच्या एका गल्लीत त्याचं टेबल-खुर्चीचं ऑफिस होतं, घरं-जागा मिळवून द्यायचा, विकून द्यायचा. दर रविवारी कीर्तन झालं की तो गुंडूरावांकडेच जेवायला येई. त्याची बायको माहेरी चिक्कमगळूरला गेली ती परतलीच नाही, तेव्हापासून तुंगाबाईंनी ते ठरवूनच टाकलं होतं. पान मांडलं की त्या हाक मारत, "दामू, हात धू," आणि तो चित्रान्नाच्या पिवळ्या भाताचा ढीग बघता बघता संपवी.

"अण्णा, काळजी सोडा," तो म्हणाला. "घराचं मी बघतो."

तुंगाबाई वाढता वाढता थांबल्या. हातातली पळी तशीच धरून म्हणाल्या, "दामू, तुझं कमिशन रे?"

"काय अक्का! तुमच्याकडून मी रुपया घेईन होय? इथलं मीठ खाल्लंय."

"तसं नव्हे. आम्ही नाही दिलं तर देणार कोण? घेणारे?"

"ते मी बघतो, अक्का. तुम्ही सारू वाढा स्वल्प."

गुंडूरावांना बायकोचा प्रश्न अगदी कोता वाटला. दामोदर गेल्यावर ते तिला बोललेही, "घरच्या माणसाला असलं विचारतात का? तो आपलं फुकट करतोय, आणि तू त्याला हिशोब विचारतेस!"

तुंगाबाई म्हणाल्या, "फुकट राबणारा माणूस दुसरीकडे कुठेतरी जेवत असेलच की."

"आपल्याकडेच तर जेवतो," गुंडूराव म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

त्याच महिन्यात बुवांनी शिष्टाईचं आख्यान लावलं. तुंगाबाईंचं हे सगळ्यांत लाडकं. साक्षात देव दूत होऊन राजवाड्यात जातो. राजानं पंचपक्वान्नं मांडलेली, सोन्याची ताटं, चंदनाचे पाट. आणि देव म्हणतो, मी जेवणार नाही. का? "मी समोरच्यांचा दूत म्हणून आलोय. दूत काम झाल्यावर जेवतो, आधी नाही. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याचं अन्न पोटात घेऊन बोलता येत नाही, राजा!" बुवांनी हे वाक्य असं टाकलं की देऊळ चिडीचूप झालं. मग त्यांनी पद उचललं आणि दामोदरनं मागून ध्रुवपद धरलं. त्या दिवशी त्याचा आवाज लागला होता. गुंडूरावांचे डोळे भरून आले. पेटीच्या पट्ट्या त्यांना नीट दिसेनात, पण बोटांना वाट ठाऊक होती.

कीर्तन संपल्यावर दोघं देवळाच्या पायरीवर बसले. तुंगाबाई आत बुवांच्या पाया पडत होत्या. मन हळवं झालेलं असलं की माणूस बोलतो. गुंडूरावही बोलले. वेणुगोपालला किती घाई आहे, तळमजल्याचं घर कितीला पडतं, आपल्याला कमीत कमी किती आलं पाहिजे, सगळं सांगितलं. आणि मग, ज्याबद्दल कुणाजवळ, तुंगाबाईंजवळसुद्धा, चकार शब्द काढला नव्हता, तेही सांगितलं.

"अगदीच नाही जमलं ना दामू, तर आनेकल आहे. माझ्या मावसभावाची एक खोली पडून आहे तिथे, शहराबाहेर, कारखान्यांच्या बाजूला. वेणूला मी थांबवू शकत नाही. कमी किमतीलाही सही करावी लागली तर करीन, आणि आनेकलला जाईन. पण तुंगेला हे कळू देऊ नकोस. तिला तिथं कुठली वाट आणि कुठला राम?"

दामोदर झांजेची दोरी बोटाला गुंडाळत ऐकत होता. "नाही कळू देणार, अण्णा," तो म्हणाला.

पंधरवड्यानं तो गिऱ्हाईक घेऊन आला. पुण्याहून आलेलं तरुण जोडपं, वेदांत आणि मुग्धा. दोघंही आयटीत, कोरमंगलात भाड्यानं राहत होती. मराठी माणसं म्हटल्यावर गुंडूराव खूश झाले. मुग्धा तर दारातच वाकून तुंगाबाईंच्या पाया पडली. "काकू, इथं मराठी ऐकलं ना, की एकदम घरी आल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

वेदांत मात्र कामाचं बोलला. "काका, घर छान आहे. पण आम्हाला सगळं रिडू करावं लागेल, वायरिंग, प्लंबिंग, सगळंच. आणि आमचं बजेट जरा टाइट आहे." मग त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून गुंडूरावांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी दामोदरकडे पाहिलं. पद बुवांच्या हातून निसटतं तेव्हा पाहतात, तसं पाहिलं. आता हा झेलील.

दामोदर खिडकीतून बाहेर बघत होता.

"अण्णा," तो तिकडेच बघत म्हणाला, "सध्या बाजार पडलाय. जुनं घर, अरुंद गल्ली, दोन गाड्या समोरासमोर जात नाहीत. हे निघून गेले तर दुसरं गिऱ्हाईक कधी येईल, सांगता येत नाही. वेणू थांबेल का?"

वेणू थांबणार नव्हता. दोनदा चर्चा झाली. वेदांत फार थोडा वर सरकला आणि तिथे असा रुतला की हलेना, जणू गुंडूरावांचा पाय खाली कुठे टेकतो ते त्याला दिसत होतं. तळमजल्याच्या घराला त्यात पुरणार नव्हतं. गुंडूरावांनी तो आकडा मनाशी पुन्हा पुन्हा घोळवला, देवाला हात जोडले आणि होकार दिला. दामोदरनं एवढं करून हेच आणलं, म्हणजे रामाच्या मनात हेच असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तुंगाबाईंना ते इतकंच म्हणाले, "जमलं."

"देवळासमोरचं?"

"बघू. कागद होऊ देत आधी."

कराराच्या दिवशी तुंगाबाईंनी शिरा केला होता. प्रसादाचा करतात तसा, केळं घालून, तूप सुटेपर्यंत भाजलेला. सगळं चाचपून, वासावर, न करपवता. सह्या झाल्या. बयाण्याची रक्कम तिथल्या तिथे वेणुगोपालच्या खात्यात गेली. मुग्धानं दोनदा शिरा मागून घेतला. तुंगाबाईंनी वाटी पुढे केली, "दामू, धर."

"आज नको, अक्का."

"अरे, तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवलाय. बेदाणे जास्त घालून."

"नको. उपास आहे."

"मंगळवारी कसला उपास रे तुझा?"

"आहे एक," दामोदर म्हणाला. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. चपला पायात सरकवून तो सगळ्यांच्या आधी निघाला. तुंगाबाई वाटी हातात घेऊन बराच वेळ दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुढच्या रविवारी कीर्तन झाल्यावर तो परस्पर गेला. त्याच्या पुढच्याही.

"दामूला बरं नाही का हो?" तुंगाबाईंनी विचारलं. "झांजेवर हात बरोबर पडतो, पण ध्रुवपद घशातच अडतं त्याच्या."

"कामं असतील," गुंडूराव म्हणाले. आनेकलचं सांगायला ते रोज सकाळी तोंड उघडत आणि रोज कॉफी पिऊन मिटत. खरेदीखत होऊ दे, मग सांगू. दसरा होऊ दे, मग सांगू.

ते सांगणं शेवटी मुग्धाच्या वाट्याला आलं, आणि बिचारीला ते ठाऊकही नव्हतं.

खिडक्यांची मापं घ्यायला ती एका सकाळी एकटीच आली. येताना तुंगाबाईंसाठी मोगऱ्याचा गजरा आणला. स्वतःच्या हातानं माळला. मग त्यांच्याजवळ खाली बसून, त्यांचा हात हातात घेऊन, अगदी मायेनं म्हणाली, "काकू, आनेकलला गेलात तरी इथं यायचं हं. हे घर तुमचंच समजायचं. मी कॅब पाठवीन."

तुंगाबाई हसल्या. "आनेकलला कोण जातंय?"

मुग्धानं गुंडूरावांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, हातात दुधाची पिशवी.

"तुम्हीच ना... म्हणजे, काकांची तिथं खोली आहे ना?"

दुधाची पिशवी थेंब थेंब गळत होती. गुंडूराव स्वतःलाच परक्या वाटणाऱ्या आवाजात म्हणाले, "आनेकलचं तुला कुणी सांगितलं, पोरी?"

"दामोदरकाकांनी. पहिल्याच मीटिंगला. ते म्हणाले, फुल प्राइस द्यायची गरज नाही, त्यांची कमीत जायची तयारी आहे, आनेकलला सोय आहे त्यांची." बोलता बोलता तिचा आवाज खाली गेला. "काका... ते आमचे एजंट आहेत. आम्ही त्यांना घर शोधायला आधीच ठेवलं होतं, तुमचं घर बघायच्या कितीतरी आधी. कमिशन आम्हीच देतोय. तुम्हाला माहीत होतं ना? आम्हाला वाटलं, तुम्ही एवढे जवळचे, म्हणजे त्यांनी सांगितलं असणारच."

तुंगाबाईंचा हात मुग्धाच्या हातातून हळूच सुटला आणि जमिनीवर आला, भिंतीशी असलेल्या फरशीच्या काठावरून फिरू लागला. घरातल्या घरात वाट चुकल्यावर त्या तसं करत.

"अहो," त्या म्हणाल्या, "देवळासमोरचं घर गेलं का?"

"गेलं," गुंडूराव म्हणाले.

"कधी?"

"शिरा केलास त्या दिवशी."

मुग्धा रडायला लागली. म्हणाली, मी वेदांतशी बोलते, आपण काहीतरी करू. बोललीही असेल. संध्याकाळी वेदांतचा फोन आला. गडी अवघडला होता. बँकेचं कर्ज मंजूर झालंय, वर काही उरलंच नाही, सॉरी काका, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. गुंडूरावांनीच त्याला थांबवलं. "तुमचं काही चुकलं नाही, बाळ. तुम्ही माणूस ठेवला, त्यानं तुमचं काम चोख केलं. आम्ही कुणी ठेवलाच नव्हता. आपलाच आहे असं धरून चाललो."

रविवारी ते देवळात लवकर गेले. दामोदर एकटाच सतरंजी अंथरत होता. गुंडूरावांना पाहून सतरंजीचं टोक त्याच्या हातात तसंच राहिलं.

"दामू, तू त्यांचा होतास."

"हो, अण्णा."

"मग त्या दिवशी पायरीवर मला बोलू का दिलंस?"

दामोदर खाली बसला. "त्यांनी मला आधी धरलं होतं, अण्णा. त्यांच्याकडून पैसा घेतला की त्यांच्यासाठी बोलावं लागतं. धंद्याची रीतच ती. आणि तुमचं घर त्यांना दाखवीन हे तेव्हा ठरलं नव्हतं... नाही, खोटं कशाला बोलू? मनात होतं. तुम्ही बोलत गेलात. मध्येच थांबवलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, का रे? मग सांगावं लागलं असतं. आणि तुमच्या पानावर मला पुन्हा बसता आलं नसतं."

"आता बसतोस?"

दामोदरनं नाही म्हणून मान हलवली.

"मी फुकट करतो म्हणालास, मला वाटलं माया आहे. तुंगेनं विचारलं होतं तुला, आम्ही नाही तर कोण. तू सारू मागितलास."

"अण्णा, कराराच्या दिवशी मी अक्काच्या हातचं खाल्लं नाही," दामोदर एकदम म्हणाला. त्याच्या आवाजात एक विनवणी होती, जणू एवढी एक तरी गोष्ट आपल्या बाजूला मांडली जावी. "तेवढं मला पचलं नसतं. आख्यान मीही ऐकलंय. पाण्याला शिवलो नाही मी. तुम्हाला कळेल असं वाटलं होतं."

गुंडूरावांना तो मंगळवार आठवला. वाटी. दाराकडे तोंड करून उभी असलेली तुंगा. त्यांना राग यायचाच राहून गेला.

"अरे, देवसुद्धा जेवला नाही," ते म्हणाले, "पण देवानं भर दरबारात सांगितलं होतं, मी समोरच्यांचा आहे म्हणून. तू नुसता उपास केलास रे. तोंडानं सांगायचं होतंस."

मंडळी येऊ लागली. बुवा आले. गुंडूरावांनी पेटीची खोळ काढली. वाजवायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते, पण समोर राम उभा, आणि बुवांचा थकलेला गळा. त्यात त्या दोघांचा काय दोष? त्यांनी सूर धरला. मागून झांज आली, अगदी जिथे यायची तिथे. तुंगाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या आणि मान जराही डोलवत नव्हत्या.

दसऱ्यानंतर खरेदीखत झालं. त्या आठवड्याच्या रविवारी तुंगाबाई शेवटचं म्हणून त्या वाटेनं निघाल्या. गुंडूरावांनी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. भिंतीवर तळहात ठेवून, सावकाश, मध्ये मध्ये थांबून चालल्या. कॉफीच्या दुकानापाशी बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. फुलवालीनं हाक मारली, "अक्का, नाडिद्दु बर्तिरा, परवा येणार ना?" तेव्हा म्हणाल्या, "सरी, येईन हं." आणि पायरीला हात लावून तो हात डोळ्यांना लावला.

पूर्वरंग संपला. मध्यंतरात बुवांना हार घातला गेला. मग नेहमीप्रमाणे दामोदर बुक्क्याचं ताट घेऊन मंडळींत फिरला. एकेकाच्या कपाळाला बुक्का लावत तो खांबापाशी आला आणि थबकला. गुंडूराव पेटीवरून बघत होते. त्यानं हात पुढे केला. अंगठा कपाळाला टेकताच तुंगाबाईंनी ओळखलं. तो हात त्यांनी मनगटाशी धरला.

"दामू," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच गुंडूरावांना तो ऐकवेना. "कागद झाले ना रे?"

"झाले, अक्का."

"म्हणजे तुझं काम झालं."

"झालं."

"मग आता जेवायला ये. भांडी बांधलीत, पण तुझ्यापुरतं ताट बाहेर ठेवलंय. दूतानं काम झाल्यावर जेवायचं असतं."

त्यांनी हात सोडला. दामोदरच्या ताटातला बुक्का एका कडेला सरकून सांडला. तो मागे गेला.

बुवांनी उत्तररंग सुरू केला. चढं पद होतं. अर्ध्यावर आवाज कापला आणि बुवांनी सवयीनं ते मागे सोडून दिलं. मागून कुणी उचललं नाही. गुंडूरावांनी वळून पाहिलं. झांज जमिनीवर होती, दोरी नीट गुंडाळून ठेवलेली, आणि देवळाचं मागचं दार उघडं होतं. त्यांनी भाता जोरात ओढला आणि एकच सूर दाबून धरला, सोडलाच नाही. त्यांचा स्वतःचा गळा काही गाण्याचा नव्हता. तो सूर देवळात बराच वेळ एकटा राहिला. मग खांबापाशी बसलेल्या तुंगाबाईंनी ते पद उचललं, बेसूर, रडक्या आवाजात, आणि शेवटपर्यंत नेलं.

घरी आल्यावर त्यांनी चटई टाकली आणि बाहेर ठेवलेलं ते एकच ताट मांडलं. शिरा सकाळीच करून झाकून ठेवला होता. त्या दाराकडे तोंड करून बसल्या. गुंडूराव बांधलेल्या गाठोड्यांवर बसले. अंधार पडू लागला तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. तुंगाबाईंना त्याची गरज नव्हती, आणि गुंडूरावांना ते रिकामं ताट बघायचं नव्हतं.

"पावलं वाजली का हो?" मधूनच तुंगाबाई विचारत.

"नाही," गुंडूराव म्हणत.

पण फाटकापाशी मघापासून कुणीतरी उभं होतं. आत येत नव्हतं आणि जातही नव्हतं. गुंडूरावांना दिसत होतं. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि रोज सकाळी आनेकलचं सांगताना मिटत तसं मिटून घेतलं.